शिकाऊ झाड

माझ्या हातचा डोळा फुकट जात नाही. शंभर खुंटांवर भरले तर सत्त्याण्णव फुटतात, आणि राहिलेल्या तिनांत दोष खुंटाचा असतो. माझी लेक म्हणते, "आई, ते तीन तुझे का नाहीत गं?" असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

डोळा भरायचा म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरची एक कळी सालीसकट अलगद उचलायची, रोपाच्या खुंटाला खाच पाडून सालीच्या आत बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. मुळं खुंटाची, फळ डोळ्याचं. आमच्या भागात क्लेमेंटाईनच्या जेवढ्या बागा आहेत त्यांतल्या निम्म्या माझ्या हातच्या, आणि उरलेल्या निम्म्या माझ्याकडे शिकून गेलेल्यांच्या. सगळे मला 'बाई' म्हणतात. नवरा होता तेव्हा तोसुद्धा चारचौघांत बाईच म्हणायचा.

क्लेमेंटाईन म्हणजे लहानसं, गडद रंगाचं, सोलायला सोपं संत्रं. त्याचा सगळा तोरा एका गोष्टीवर: आत बी नसते. फळं निवडून भरायच्या आमच्या पॅकहाऊसमध्ये प्रत्येक गाडीतून शंभर फळं काढून आडवी कापतात. शंभरांत मिळून पाच बियांपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की गाडी रसाच्या कारखान्याकडे वळते, आणि तिथे फळाचा मान आणि कांद्याच्या सालीचा मान सारखाच. पाच वर्षांपूर्वी एखादी गाडी वळायची. यंदा हंगाम अर्धाही झाला नव्हता तर सात बागायतदारांच्या गाड्या वळल्या होत्या. त्यात माझ्या दोन. माझ्या!

बी का धरते हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. क्लेमेंटाईनचं फूल आपल्या जातीचे पराग घेत नाही. फळ धरतं, बी धरत नाही. पण जवळपास दुसऱ्या जातीचं संत्रं फुललेलं असलं आणि एखादी मधमाशी त्या फुलावरून या फुलावर येऊन बसली, की संपलं. फळ वरून तस्संच देखणं, आत दाताखाली कचकच.

आणि माश्या होत्या माझ्या धाकट्या दिराच्या.

भाऊजींच्या चाळीस पेट्या कालव्याच्या कडेला, माझ्या बागेच्या बांधाला लागून. पाच वर्षांपूर्वी त्यांनी हा उद्योग सुरू केला आणि पाच वर्षांपूर्वीच बियांचा त्रास वाढायला लागला. कालव्यापलीकडे एक जुनी, बियांच्या संत्र्यांची बाग आहे, मालक कधीचा परगावी. माश्या तिकडे जातात, पराग घेतात, आमच्याकडे आणून सांडतात. यात समजायला काय अवघड आहे? मी बागायतदारांच्या महिन्याच्या सभेत उभी राहिले आणि ठराव मांडला की पेट्या पाच किलोमीटरच्या बाहेर न्याव्यात. पाच किलोमीटरच्या बाहेर आमच्याकडे नुसता खडक आहे आणि हमरस्ता. म्हणजे भाऊजींनी पेट्या विकून घरी बसायचं. हे मला कळत होतं, सभेला कळत होतं आणि मागच्या खुर्चीत बसलेल्या भाऊजींनाही कळत होतं. ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलायची त्यांना सवयच नाही. माणूस गप्प बसला की मी समजते, त्याच्याकडे बोलायला काही नाही.

कोणीतरी म्हणालं, पुरावा पाहिजे. मी म्हटलं, "पुढच्या सभेत कागदावर आणते. कालव्याच्या बाजूला बिया जास्त आणि घराकडे कमी. एकेक झाड मोजून दाखवते." ठरावावर मतदान आठ दिवसांनी ठेवलं गेलं.

माझ्या बागेत चोवीस ओळी. पहिली कालव्याला, चोविसावी घराला लागून. ओळीत वीस झाडं. दर पाचव्या झाडाची दहा फळं घ्यायची, कापायची, बिया मोजायच्या. नऊशे साठ फळं. मी ओट्याशी उभी राहून कापत होते, लेक टेबलाशी बसून लिहीत होती. दुसऱ्या दिवशी बोटांच्या चिरांमध्ये रस जाऊन अशी आग व्हायला लागली की विचारू नका. घरात पातेली, बादल्या, ताटं, सगळीकडे अर्धी अर्धी फळं. लेक म्हणाली, "आई, मी जन्मात पुन्हा संत्र्याचा रस पिणार नाही."

पहिली ओळ कापून झाली. चाळीस फळांत दोन बिया.

"परत बघ," मी म्हटलं.

"आई, दोन आहेत. दोनात काय परत बघायचं?"

पाचव्या ओळीत तीन. दहाव्यात आठ. मला वाटलं, गंमत आहे, माश्या बागेच्या मधोमध जाऊन बसतात की काय. पंधराव्यात एकोणीस, विसाव्यात सत्तेचाळीस. तेविसाव्या ओळीतल्या एका फळात सात बिया निघाल्या. एका फळात! लेकीने भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बागेचा नकाशा काढून त्यावर रंगीत पेन्सिलीने ठिपके दिले होते. जितक्या बिया जास्त, तितका ठिपका गडद. कालव्याच्या बाजूला कागद जवळजवळ कोरा होता. घराच्या बाजूला, अवजारांच्या शेडजवळ, त्याला गोवर निघाला होता.

"आई," लेकीने त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, "इथे काय आहे?"

काय आहे ते तिलाही ठाऊक होतं. तिथे शिकाऊ झाड होतं.

माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक जण आपला पहिला डोळा त्या झाडावर भरतो. काडी त्याने स्वतःच्या घरून आणायची, दारात जे कुठलं संत्रं असेल त्याची. जगलेला डोळा आम्ही वाढू देतो, फांदीला तारीख लिहिलेली पट्टी बांधतो. नऊ वर्षांत एकतीस फांद्या झाल्या होत्या आणि एकोणीस जातींची संत्री. कुठे चपटी पिवळी, कुठे सैल सालीची मोठी, कुठे सुपारीएवढी आंबट. पाहुणे आले की त्यासमोर उभे राहून फोटो काढायचे, आणि मी मध्ये उभी असायची. जाती वेगळ्या म्हणून फुलायच्याही वेगवेगळ्या वेळी. दोन महिने त्या झाडावर काही ना काही फुललेलं. क्लेमेंटाईनचा अख्खा बहार त्या दोन महिन्यांच्या पोटात येतो. कालव्यापलीकडच्या जुन्या बागेत फुलं येतात तोवर आमचा बहार सरत आलेला असतो.

बागेत दुसरी जात लावू नका, हा माझा पहिल्या दिवसाचा धडा. तो शिकवताना मी कुठे उभी असते? त्याच झाडाखाली. सावली चांगली पडते म्हणून.

कोणी म्हणेल, हे इतक्या वर्षांत दिसलं कसं नाही? नाही दिसलं. आमच्या डोक्यात ते झाडच नव्हतं, ती शिकायची पाटी होती. पाटीला फुलं येतात हे कोणाच्या मनात येणार? आणि ते पाच वर्षांपूर्वी भरभरून फुलायला लागलं, त्याच साली भाऊजींच्या पेट्या आल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि मी कावळ्यावर ठराव मांडून मोकळी झाले.

याहून वाईट गोष्ट मला त्या रात्री जागं ठेवून गेली. ते झाड एकटं नव्हतं. माझ्याकडून शिकून गेलेल्या प्रत्येकाने आपल्या शेडजवळ तसंच एक झाड केलं होतं. बाईंकडे आहे म्हणून.

लाज वाटली. सरळ सांगते, तोंड लपवावंसं वाटलं. कॅलेंडर घडी करून मी पिठाच्या डब्याखाली सरकवलं आणि लेकीला सांगितलं की मोजणी अजून व्हायची आहे. मग शेवटच्या पाच ओळी पुन्हा मोजल्या. आकडे तेच आले. दोन दिवस कॅलेंडर डब्याखाली होतं. लेक पीठ घ्यायला गेली की डबा उचलायची, खाली बघायची, डबा परत ठेवायची आणि एक शब्द बोलायची नाही. कोणावर गेली आहे देव जाणे.

तिसऱ्या दिवशी मी कॅलेंडर काखेत मारलं आणि पॅकहाऊसमध्ये आमच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे माझ्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. वजनकाट्याशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये बसतो. मला बघून उभा राहिला, खुर्ची पुसली. नकाशा त्याने बराच वेळ बघितला. समजावून सांगावं लागलं नाही. मी शिकवलेला मुलगा आहे.

"माझ्याही शेडपाशी आहे एक," तो म्हणाला.

"सगळ्यांच्याच आहे."

त्याने उठून केबिनचं दार लावलं. "बाई, हा कागद अजून कोणी बघितलाय?"

"माझ्या लेकीने."

"मग इथेच राहू दे. हे बघा, पेट्या गेल्या तरी बी कमी होणारच की. पराग आणायला माशीच नसली तर झाड काय चालत जाणार आहे?"

"कालव्याच्या कपारीत रानमाश्यांची पोळी आहेत. त्यांना नोटीस कोण देणार, तू?"

"थोडी बी राहील. चालेल तेवढं. तुमच्या दिरांना आपण सगळे मिळून काहीतरी मदत करू, मी स्वतः पुढाकार घेतो. पण बाई, हे बाहेर आलं तर लोक काय म्हणतील? बाईंनीच शिकवलं आणि बाईंनीच बुडवलं."

"खरंच आहे ते."

"खरं आहे म्हणूनच म्हणतोय," तो हळू आवाजात म्हणाला. आणि वाईट याचं वाटलं, की तो मनापासून माझ्या भल्याचंच बोलत होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जो माझ्याकडे चाकू धरायला शिकला, तो आता मला कागद लपवायला शिकवत होता. पण नुसता त्याच्यावर तरी कशी रागावू? दोन दिवस मीही तेच करत होते; माझ्याकडे पिठाचा डबा, त्याच्याकडे निदान केबिन तरी होती. मी नकाशा गुंडाळला. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर दुसरी बाई शोध," असं म्हणून बाहेर पडले. दार जरा जोरातच आपटलं. काच नवी बसवलेली होती म्हणून टिकली.

घरी आले तशी करवत काढली. अजून थांबले असते तर मन वळलं असतं, माझंच. लेक शिडी धरून उभी राहिली. एकेक फांदी खाली येत होती आणि ती पट्ट्यांवरच्या तारखा वाचत होती. अध्यक्षाची फांदी सगळ्यात खालची आणि सगळ्यात जाड. तिला वेळ लागला. मध्येच मी विचारलं, "किती राहिल्या?" ती म्हणाली, "एक." ती तिचीच होती. बाराव्या वर्षी भरलेला डोळा, वेडावाकडा बसवलेला, तरी फुटलेला. त्या फांदीवर पाचपन्नास फळं होती.

"ही राहू दे का गं?" मी विचारलं. "बहारात हिचीच फुलं तेवढी खुडत जाईन."

"आणि विसरलीस तर? काप आई."

कापली. कमरेएवढा बुंधा ठेवला. आता त्यावर क्लेमेंटाईनचेच डोळे भरेन, दुसरं काही नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघी जेवलो, पण काय जेवलो ते कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सभा पॅकहाऊसच्या वरच्या खोलीत असते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खालून धुण्याच्या यंत्राची घरघर. भाऊजी आले नव्हते. कुजबुज चालू होती की बिचाऱ्याने मतदानाआधीच हात टेकले. मी नकाशा भिंतीवर चिकटवला आणि बोलायला उभी राहिले.

"पुरावा आणते म्हटलं होतं, आणलाय. ही बाजू कालव्याची. कोरी आहे. ही बाजू माझ्या शेडची. इथे माझं शिकाऊ झाड होतं. बी तिथून येते. माश्या हमाल आहेत, माल माझा होता. मागच्या सभेत मी जे बोलले ते सगळं चूक. ठराव मी मागे घेते. झाड परवा कापलं. आता तुमची झाडं."

जो गोंधळ झाला तो झाला. आमच्यात एक बागायतदार आहे, त्याला सगळे 'घाऊक' म्हणतात, कारण तो सुटं बोलत नाही, पोत्याने बोलतो. तो खुर्ची मागे ढकलून उठला. "माझं झाड मी कापणार नाही! त्याच्यावर माझ्या वडिलांच्या दारातल्या संत्र्याचा डोळा आहे. ते घर पडलं, ते संत्रं गेलं, आता तेवढाच डोळा राहिलाय. बाईंनीच सांगितलं होतं भरायला. त्या वेळी पाठ थोपटलीत आणि आता करवत घ्या म्हणता?"

खोली त्याच्या बाजूने झाली. पण चुकीचं शिकवलं असेल तर ते परत घेण्याचं काम शिकवणाऱ्याचंच असतं, त्याला पर्याय नाही.

"त्याच डोळ्याची काडी घेऊन ये माझ्याकडे," मी म्हटलं. "कुंडीतल्या खुंटावर भरून देते. शहरात तुझ्या मुलीच्या गच्चीत ठेव. तिथे आजूबाजूला क्लेमेंटाईन नाही, कोणाचं काही बिघडणार नाही. तुझ्या वडिलांचं संत्रं जगेल, आणि माझ्या हातचं म्हणजे जगेलच. ज्याला ज्याला पाहिजे त्या सगळ्यांना भरून देते. पण बागेत ठेवायचं नाही."

घाऊक खाली बसला, पण पोतं रिकामं व्हायचं होतं. "आणि एवढं करून बी निघाली तर? तुमचं काय जातंय? बोट दाखवायला तुम्ही मोकळ्या."

इथे मी ठरवून काही बोलले नाही. तोंडातून निघालं.

"यंदाच्या बहारात चाळीसच्या चाळीस पेट्या माझ्या बागेत ठेवते. मधोमध. तुमच्यापैकी एकाचंही झाड फुललं तर त्याचे पराग सगळ्यांत आधी माझ्या फुलांवर येतील. पुढच्या हंगामात रसाला गाडी गेलीच तर पहिली माझी जाईल. बस?"

मग अध्यक्ष उभा राहिला. माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "माझं झाड मी उद्या सकाळी कापतो. पेट्या राहाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." त्याचा हात पहिला. घाऊकचा शेवटचा, पण वर.

तिथून मी तडक भाऊजींकडे गेले. ते अंगणात बाकावर बसून पेटीतल्या लाकडी चौकटींना तार ओढत होते. बाजूला नव्या पेट्यांच्या कोऱ्या फळ्या रचून ठेवलेल्या. ज्याचा धंदा त्याच दुपारी मतदानाला लागला होता, तो माणूस नव्या पेट्या ठोकत होता.

"ठराव मागे घेतला," मी म्हटलं.

"हं."

"झाड कापलं."

"करवत ऐकू आली."

"आणि बहारात तुमच्या पेट्या माझ्या बागेच्या मधोमध ठेवणार, असं सांगून आलेय."

त्यांनी वर बघितलं. "मला न विचारता?"

"हो."

ते हसले. भाऊजी हसतात तेव्हा आवाज येत नाही, खांदे हलतात.

"सभेला का आला नाहीत?"

"येऊन काय करायचं होतं? तुम्ही मोजायला बसलात कळलं, तेव्हाच निवांत झालो."

माझ्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच बहारापासून. सकाळी पेटी उघडली की माश्या आधी तुमच्या शेडकडे जायच्या. सांगितलं होतं की तुम्हाला."

"मला? कधी?"

"चार वर्षं झाली. त्या झाडाखालीच. म्हटलं, वहिनी, याची फुलं खुडून टाका, बियांचा त्रास होईल. तुम्ही म्हणालात, 'भाऊजी, ज्याचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला त्याने मला झाडं शिकवू नयेत.' दहा जण शिकायला बसले होते समोर. सगळे हसले."

मी आठवायचा प्रयत्न केला. झाड आठवलं, सावली आठवली, ती तुकडीही थोडीफार आठवली. हे वाक्य आठवलं नाही. पण वाक्य माझंच होतं. असं वाक्य आमच्या घरात दुसरं कोणी बोलत नाही.

"मग मागच्या सभेत तरी बोलायचं होतं! पोटावर पाय येत होता तुमच्या!"

"बोललो असतो तर तुम्ही पुन्हा काहीतरी बोलला असता आणि पुन्हा सगळे हसले असते." त्यांनी तार ताणली, खिळ्याला दोन वेढे दिले. "तुम्ही माणसाचं ऐकत नाही, वहिनी. मोजलेलं ऐकता. आणि एकदा मोजलं की झाकून ठेवत नाही. एवढं मला माहीत आहे."

"दोन दिवस झाकून ठेवलं होतं," मी म्हटलं.

"दोन दिवस चालतात."

मला रडू आलं. आलं तर आलं, मी पुसलं नाही. ज्या माणसाला मी चारचौघांत धंद्यातून उठवायला निघाले होते, तो माझ्या खरेपणाच्या भरवशावर नव्या पेट्या ठोकत बसला होता. मी स्वतःवर एवढा भरवसा टाकला नसता, आणि मी काही स्वतःला कमी समजणारी बाई नाही.

"चुकलं माझं, भाऊजी," मी म्हटलं. "आत्ताचंही आणि तेव्हाचंही. आता ते दहा जण कोण होते तेवढं सांगा. सगळ्यांना बोलावते आणि त्यांच्यासमोर पुन्हा म्हणते."

"जाऊ द्या वहिनी. कशाला?"

"हसले होते ना? मग हसायचं कोणाला होतं ते त्यांना कळू दे. सांगा. आठवतील तेवढे सांगा."

भाऊजींनी चौकट मांडीवर आडवी ठेवली आणि एकेक सांगायला सुरुवात केली. त्यांना दहाच्या दहा आठवत होते. कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा.